माटवीला काय काय बांधायचं?

ताई,

सदर नेहमी वाचते, लिहायची वेळ पहिल्यांदाच आली. मी ४८ वर्षांची, कल्याणला राहते, एका खासगी कंपनीत हिशेब बघते. सासर कणकवली तालुक्यात. गावच्या घरी ११ दिवसांचा गणपती, मधे गौर. तीन भाऊ, आम्ही तीन जावा, नणंदा आणि सगळ्यांची मुलं मिळून २३-२४ माणसं जमतो. एरवी घरात बारा महिने सासूबाई एकट्याच असायच्या. त्या फाल्गुनात गेल्या. घराला आता कुलूप आहे.

यंदा काय करायचं यावर घरात माणसं कमी आणि मतं जास्त. धाकटे दीर म्हणतात, गणपती ठाण्याला आमच्या फ्लॅटवर आणू, दीड दिवसाचा करू. मधले म्हणतात, आईचं वर्ष आहे, यंदा नकोच. पण एकदा नको म्हटलं की पुढच्या वर्षी कुणी हो म्हणणार नाही, हे मला दिसतंय. आमचे यजमान म्हणतात, आईच्या वेळेला होतं तसंच झालं पाहिजे, नैवेद्यात एक पदार्थ कमी नको. मुलगी वीस वर्षांची. ठाण्याचं नाव काढलं तर रडायलाच लागली. म्हणाली, "लहानपण म्हटलं की मला आजीबरोबर सकाळी घरामागच्या परड्यात जायचं तेवढंच आठवतं."

आता माझं सांगते. लग्नाला २३ वर्षं झाली. आरती मी स्वयंपाकघरातूनच ऐकत आले. टाळ्या वाजवायला हात मोकळे नसतात. तरी बंद करायचा म्हटलं की पोटात तुटतं. आणि भीती निराळीच आहे. मूर्तीच्या वर टांगायच्या माटवीच्या चौकटीला काय काय बांधायचं, कवंडळाची रानफळं कुठून आणायची, गौरीला पहिल्या दिवशी कुठली भाजी, हे सगळं सासूबाईंच्या डोक्यात होतं. कुठे लिहिलेलं नाही. त्यांच्याबरोबर गेलं. मोठी सून म्हणून सगळे माझ्याकडे बघतायत. मी काय करू?

— एक वहिनी, कल्याण

वहिनी,

आधी तिकिटाचं बोलू. बाकीचं थांबेल, कोकण रेल्वेचं आरक्षण थांबत नाही. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे चतुर्थी लांबली आहे, १४ सप्टेंबरला, सोमवारी. पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं. नोव्हेंबर २०२४ पासून ते ६० दिवसांवर आलंय. म्हणजे ११-१२ तारखेला निघायचं तर जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी आठच्या ठोक्याला घरातल्या कुणीतरी मोबाइल घेऊन बसायला हवं, आणि तरी वेटिंग लागेल ते लागेलच. तोवर तुमच्या घरातलं भांडण मिटलेलं हवं. अनेक घरांत गणपती बंद करायचा असं कुणी ठरवलेलं नसतं. ठरवायचं राहून जातं, गाड्या भरतात, मग "यंदा जमलं नाही बघा" एवढंच उरतं.

आता मधल्या दिरांचा मुद्दा. वर्ष सरलेलं नाही, म्हणून सण नको. ही रीत घरागणिक वेगळी. सुतक फिटलं की गणपती बसवायला हरकत नाही, फक्त थाट करू नये, असं सांगणारे भटजी पुष्कळ आहेत. काही घरांत पहिल्या वर्षी मूर्ती आणतच नाहीत आणि त्यानेही काही बिघडत नाही. तुमच्या घरात सासरे गेले तेव्हा काय केलं होतं? वाडीतल्या एखाद्या जुन्या माणसाला ते नक्की आठवत असेल. त्यांना आणि तुमच्या भटजींना विचारा. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारू नका, तिथे प्रत्येकाला दुसऱ्याच गावचं शास्त्र ठाऊक असतं. मला विचाराल तर दिरांच्या मनात शास्त्र थोडंच असावं. खळ्यात पाय ठेवला आणि पडवीत आई नाही, हे पहिल्यांदा बघायची त्यांची तयारी नाही. पुरुष माणसाला हे असं सांगता येत नाही, मग तो पंचांग काढतो.

आणि एक भीती, जी तुम्ही लिहिली नाहीत पण असणार. चालत आलेला गणपती थांबवला किंवा दिवस कमी केले तर काही वाईट होईल का? भाद्रपद शुद्ध चतुर्थीचं पार्थिव गणपतीपूजन हे मुळात एका दिवसाचं व्रत. दीड, पाच, सात, अकरा हे आकडे कुलाचाराचे आणि हौसेचे. गोव्यात काही घराण्यांत आजही मातीची मूर्ती नसते. कागदावर काढलेला गणपती किंवा नुसती पत्री पूजतात. पोर्तुगिजांच्या अमलात मूर्ती घरात ठेवणं जिवावर बेतायचं, तेव्हा लपवता येईल असा देव केला, असं त्या घरांत सांगतात. तो धोका जाऊन कैक पिढ्या झाल्या, कागद मात्र राहिला. गणपतीने तेही चालवून घेतलं. तुमचे अकराचे सहा झाले तर तो रागावेल असं मला वाटत नाही.

आता तुमचे यजमान. "आईच्या वेळेला होतं तसंच, एक पदार्थ कमी नको." वाक्य ऐकायला फार छान आहे. तुम्ही हिशेबाच्या बाई, तेव्हा हिशेबच करू. चोवीस माणसं, माणशी चार मोदक धरले तर शंभराच्या घरात जातात. आठ-दहा नारळ खवायचे. गूळ चिरायचा, सारण शिजवायचं, उकड काढायची, ती गरम असतानाच मळायची. सराईत हाताला एक मोदक वळायला, कळ्या नीट पाडायला, दोन मिनिटं लागतात. नुसतं वळणं सव्वातीन तासांचं झालं, आणि मोदक हा पानातला एक पदार्थ. काळ्या वाटाण्याचं सांबारं आहे, भाज्या आहेत, वरणभात आहे, खीर आहे. दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, म्हणून अळू, सुरण, माठ, भोपळा, परसातलं जे असेल ते सगळं एका भाजीत. सोलायचं आणि चिरायचं कुणी? बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी चालत नाही, बायकांच्या कष्टाचं चालतं. मग पातोळ्या. मग गौर. काही घरांत गौरीला तिखटाचा सण, म्हणजे मटण आलं. आणि रोज रात्री भजनाला येणाऱ्या वीसजणांना उसळ-पाव आणि चहा. अकरा दिवस.

यजमान खोटं बोलत नाहीत हो. त्यांना खरंच तसं आठवतंय. फरक एवढाच की त्यांच्या आठवणीत स्वयंपाकघराचं दार बाहेरून दिसतं आणि तुमच्या आठवणीत आतून.

सासूबाईंचं तरी सगळं मुळापासून तसंच होतं का, हेही एकदा त्यांना विचारा. गॅस कधी आला? मिक्सर कधी आला? पूर्वी मोदकाची पिठी जात्यावर दळायचे, ती त्यांनी गिरणीवर कधी द्यायला सुरुवात केली? भजनाला पाव कधीपासून आला? कुठल्याशा वर्षी त्यांनीही काहीतरी सोडलंच असणार, आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. घर चालवणाऱ्या बायकांचं हे कसब.

मागे मी माझ्या भाचरांना विचारलं होतं, तुम्हाला गावचा गणपती काय आठवतो? आता सगळी तिशीतली आहेत. एक म्हणाला, आरतीच्या ऐन मध्ये लाइट गेले आणि काकाने गाडीचे दिवे दारातून आत सोडले. एकीला केळीची पानं पुसायचं काम आठवलं, ते तिचं स्वतःचं होतं, दुसऱ्या कुणाला ती हात लावू द्यायची नाही. एकाची चप्पल विसर्जनाला व्हाळाच्या पाण्यात गेली होती. एकाला आठवला तो फुटलेला मोदक, कारण तो त्याने वळलेला होता आणि आजीने तोच मागून घेतला. पाच भाज्या कुणालाच आठवल्या नाहीत. मी मुद्दाम विचारलंसुद्धा, त्या दिवशी पानात काय काय असायचं? मोदकापुढे गाडी गेली नाही. हळदीच्या पानाचा वास मात्र सगळ्यांना आठवत होता. वासाने जाग्या होणाऱ्या आठवणी बहुतेक करून दहा वर्षांच्या आतल्याच असतात, असं या विषयाचा अभ्यास करणारे सांगतात. पातोळ्या दोन केल्या काय आणि दोनशे केल्या काय, वास तेवढाच सुटतो.

यातून मला जे कळलं ते असं की मुलांना ज्या कामात हात घालू दिला, तेवढंच त्यांच्यापाशी राहिलं. जे त्यांच्यासाठी तयार करून वाढलं ते पोटात गेलं आणि संपलं.

इथे माझ्या माहेरची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर तुम्हाला वाटेल ताई गावाकडच्या बाजूने बोलतायत. माझं माहेर मालवण तालुक्यात. १९९४ साली माझे मोठे काका गेले आणि आमचा गणपती बोरिवलीला भावाच्या घरी आला. कारण तेच, प्रवास. एसटीने रात्रभर आंबलेलं अंग घेऊन उतरायचं, वर घर उघडून झाडायचं. भावजय म्हणाली पुरे, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. दीड दिवसाचा गणपती, मोदक बाहेरून सांगितलेले. त्या वर्षी मी आईला आयुष्यात पहिल्यांदा चतुर्थीच्या दुपारी रिकामी बसलेली पाहिली. सोफ्यावर बसून मूर्तीकडे टक लावून बघत होती. मला वाटलं गाव आठवून डोळे भरलेत. जवळ गेले तर म्हणते, "ह्येचे डोळे काय बरे काढलेत गो! दरवर्सा असेच असतत?" चाळीस वर्षं तिने त्या गणपतीचा नैवेद्य रांधला होता.

म्हणून धाकट्या दिरांचा ठाण्याचा प्रस्ताव वाईट आहे, असं मी म्हणणार नाही. तुमच्या जावेला एकदा एकटीला गाठून विचारा, हे दिरांचं की तुझं? तिचं असेल तर तीसुद्धा तुमच्याइतकीच थकलेली आहे. तुम्ही दोघी एका बाजूला आहात आणि तुम्हाला ते ठाऊक नाही, असंही असू शकेल.

पण बोरिवलीने काय गेलं तेही सांगते. गावात रात्रीचं भजन घरोघर फिरतं. तुमच्याकडेही फिरत असणार. एका घरची आरती झाली की सगळी माणसं मृदंग, टाळ, पेटी घेऊन पाणंदीने पुढच्या घरी. कुणाच्या घरी कोण आजारी, कुणाचा पोर नोकरीला लागला, कुणाचं जमलं, हे सगळं त्या फेरीत कळतं. गाऱ्हाणं घालताना बुवा घरातल्या माणसांची नावं घेऊन देवाला सांगतात आणि सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. त्यात तुमच्या मुलीचं नावही येतं, तिची परीक्षा येते. आमच्या घराला कुलूप लागलं त्या पहिल्या वर्षी बुवा आमच्या खळ्यात दोन मिनिटं थांबले होते म्हणे. दुसऱ्या वर्षीपासून फेरीची वाटच बदलली. आमच्या घरावरून जायचं कारण उरलं नाही, आणि व्हाळाच्या बाजूने जवळ पडतं. त्यात कुणाचा राग नव्हता, की कुणी ठरवलंही नव्हतं. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली. प्रवास हेच आमचं कारण होतं, ते चार वर्षांत सुटलं. भावाने एकदा विषय काढलाही, पण तोपर्यंत घराच्या छपराचं एक पाखं बसलं होतं.

फ्लॅटवर गणपती येतो, आरती येते, मोदकही येतात. वाडी येत नाही. ठाण्याला नेलात तर कुटुंबाचा गणपती राहील, हे नक्की. वाडीतलं तुमचं घर मात्र हळूहळू "त्यांचं बंद घर" होईल. हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवून ठाण्याला गेलात तर माझं काही म्हणणं नाही. नकळत जाऊ नका, एवढंच.

मी तुमच्या जागी असते तर यंदा गावीच केला असता. माणूस गेल्याच्या वर्षी घराबद्दल कायमचा निर्णय घेऊ नये, घेतला तर तो घराबद्दल नसतो, गेलेल्या माणसाबद्दल असतो. पण आईच्या वेळेसारखा केला नसता. गौर जाईल तिच्याबरोबर गणपती पाठवायचा. दारात रोषणाई नाही, फटाके नाहीत, वर्ष असल्यामुळे यावर कुणी तोंड उघडणार नाही. ही संधी आहे बघा, असं म्हणायला बरं वाटत नाही, पण आहे. यंदा जे कमी कराल त्याला कुणी नावं ठेवणार नाही, आणि पुढच्या वर्षी तीच रीत झालेली असेल. सासूबाई जाता जाता तुमच्यासाठी एवढं करून गेल्या.

यजमानांना आठ दिवस आधी गावी धाडा. एकट्याला. पावसाळाभर बंद असलेलं कौलारू घर श्रावण-भाद्रपदात उघडायचं म्हणजे काय असतं ते त्यांना ठाऊक नाही, कारण ते पोचायचे तेव्हा आईने सगळं केलेलं असायचं. भिंतींना बुरशी, देवघराच्या चौकटीला वाळवी लागली का ते बघणं, कुठलं कौल सरकलंय, पंप चालतो का, गाद्या उन्हात घालणं, आणि ऊन नसेल तर चुलीच्या उबेला. खळ्यातलं गवत काढायला माणूस मिळवणं, जो चतुर्थीच्या आधी मिळत नाही. "होतं तसंच" याची सुरुवात इथून होते. मूर्तीचा पाट गणपतीच्या शाळेत, मूर्तिकाराकडे, कधी पोचवायचा तेही त्यांनीच बघायचं. मूर्तिकाराला यंदा कुणी सांगितलंय का, हे आधी फोन करून विचारा. सासूबाई दरवर्षी सांगत असतील आणि तुम्हा कुणाला ते काम आहे हेच माहीत नसेल.

स्वयंपाकाचं. नैवेद्याला एकवीस मोदक घरी. बाकीचे ज्यांना खायचेत त्यांनी वळायचे. दीर, भाचे, जावई, सगळे. उकड तुम्ही काढून द्या, ते जमायला वेळ लागतो, पण वळायला चोवीस माणसं बसली तर माणशी चारच मोदक येतात, दहा मिनिटांचं काम. वाकडे होतील, फुटतील. फुटलेल्या मोदकाचं काय होतं ते वर सांगितलंच. माणसं बसायला तयार नसतील तर कणकवलीकडे हल्ली बचत गटाच्या बायका मोदक करून देतात, आधी सांगावं लागतं, पैसे यजमानांनी द्यायचे. भजनाला चहा आणि लाडू. बुवांना आधीच कळवा की यंदा वर्ष आहे, उसळ-पाव नाही. ते समजतील, त्यांच्याही घरी सुना आहेत. बाकी पानात काय असावं ते तुम्ही आणि जावांनी ठरवा, पुरुषांनी त्यात बोलू नये, किंवा बोलायचं तर आधी सुरण सोलून दाखवावा.

एक नियम मात्र मी तुमच्या घरावर लादते आहे. आरतीला गॅस बंद. भात कच्चा राहिला तर राहू दे. तिन्ही जावा बाहेर, मूर्तीसमोर, पुढच्या रांगेत. मुलीला सांगा, हे बघायचं काम तुझं. ती बघेल.

नणंदांना पाहुण्या म्हणून आणू नका. यंदा माहेरी आई नाही, त्या रडणार आहेत, त्यांना रिकामं बसवलंत तर जास्तच. गौर त्यांच्याकडे द्या. तेरड्याची गौर आणायला पाणवठ्यावर जायचं, पहिल्या दिवशी तिला भाजी-भाकरी, हे माहेरवाशिणीचं काम आणि त्यांना ते येतं. "गौरीला कुठली भाजी" हा प्रश्न तुम्हाला पडलाय, कारण तुम्ही सून आहात. मुलींना तो पडायचा नाही, त्यांनी लहानपणापासून पाहिलंय. फोन करा.

यजमान यातल्या कशालाच तयार झाले नाहीत तर? "आईच्या वेळेसारखंच आणि तूच करायचंस" यावर अडले तर? तर खुशाल ठाण्याला जा, वहिनी. दीड दिवस, बाहेरचे मोदक, आणि पोटात तुटलं तरी जा. तुम्ही दमून दमून चालवलेला गणपती तुमची मुलगी पुढे चालवणार नाही. तिने तुम्हाला वीस वर्षं त्या दारातून आत पाहिलंय.

आणि पुढच्या वर्षापासून पाळी लावा. एक वर्ष तुम्ही, एक वर्ष मधले, एक वर्ष धाकटे. सामान, तिकिटं, मूर्ती, भटजी, घर उघडणं सगळं पाळीवाल्याचं. कितीतरी घरांत भावाभावांत अशी पाळी आहे आणि त्यावरून भांडणंही होतात, पण ती भांडणं भावांची असतात, जावांची नसतात. वर्षश्राद्ध झालं की तिघे बसून लिहून काढा. ठाण्याचा विषयही तेव्हाच, आत्ता नाही.

राहिली तुमची माटवी. चौकट बहुतेक घरातच असेल, वर माळ्यावर बांधून ठेवलेली. नारळाचा घोस, सुपारीचा घड, तवसं, चिबूड, आंब्याचे टाळे, हे कुणीही सांगेल. अडचण रानातल्या पानाफुलाफळांची, शेरवडं, हरणं, कळलावी आणि तुमची कवंडळं. चतुर्थीच्या आधी दोन दिवस कणकवलीच्या बाजारात बायका हे सगळं टोपल्यांत घेऊन बसतात. अगदीच अडलं तर तिथून आणता येईल, वाटे लावलेले असतात, भाव करायला जाऊ नका, त्या पावसात रान तुडवून आलेल्या असतात.

पण तुमच्या पत्रात एक ओळ आहे, तिच्यावरून तुम्ही सरळ पुढे गेलात. मुलगी म्हणाली, आजीबरोबर सकाळी परड्यात जायचं तेवढंच आठवतं. चतुर्थीच्या आदल्या सकाळी सत्तरी ओलांडलेली बाई नातीला घेऊन परड्यात कशाला जात असेल? कवंडळाचा वेल दगडी गडग्यावर, नाहीतर झाडावर चढलेला असतो. सासूबाई काही वर चढत नसणार. त्या खाली उभं राहून काठीने दाखवत असतील आणि वर पोर असेल. मला वाटतं, तुम्ही जी यादी सासूबाईंबरोबर गेली म्हणून लिहिलंत, ती कल्याणला तुमच्याच घरात, पलीकडच्या खोलीत कानाला हेडफोन लावून बसलेली आहे. तिला अजून कुणी विचारलेलं नाही.

आज रात्री विचारा. कवंडळ कुठल्या गडग्यावर, शेरवडं पाणंदीच्या कुठल्या वळणावर, आधी काय बांधायचं, मधोमध काय. वहीत तिच्याच अक्षरात लिहून घ्या, आणि ती सांगत असताना मधे बोलू नका. बांधायला किवणीची साल लागते की सुतळी चालते, हेही विचारून मला कळवा. आमच्या बोरिवलीच्या माटवीला इतकी वर्षं प्लॅस्टिकची द्राक्षं आहेत.